ग्राहकानुरूप संकेतस्थळ-रचना

व्यावसायिकाचे म्हणणे त्याला हव्या असलेल्या वाचकापर्यंत नेमके पोहोचावे, अशा बेताने त्याच्या वेबसाइटचा मजकूर, मांडणी आणि छायाचित्रे ठरविण्याचे काम. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत तयार केलेली पहिली वेबसाइट १९९१ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. १९९६ मधील सीएसएसच्या (पानाचे रंग, अक्षरे आणि मांडणी ठरविणाऱ्या भाषेच्या) पहिल्या प्रमाणामुळे पानाचे रूप मजकुरापासून वेगळे ठेवता येऊ लागले, तर २०१० मध्ये एथन मार्कॉट यांनी मांडलेल्या ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेमुळे एकच पान मोबाइलवर आणि संगणकावर नीट दिसू लागले.

नाशिकमध्ये हे काम करणाऱ्याकडे एकाच आठवड्यात परस्परांशी काही संबंध नसलेले ग्राहक येऊ शकतात. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्याची वेबसाइट दुसऱ्या कंपनीचा खरेदी अधिकारी पाहतो. कोणती सीएनसी (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारी) यंत्रे आहेत आणि किती मायक्रॉनपर्यंत अचूकता मिळते, हे त्याला पहिल्याच पानावर हवे असते, म्हणून संस्थापकांचे मनोगत तेथून हलवावे लागते. द्राक्षांच्या निर्यातदाराला परदेशी खरेदीदारासाठी वाण, मण्यांचा आकार, रेसिड्यू (फळात उरलेल्या कीटकनाशकांच्या अंशाच्या) तपासणीचे अहवाल आणि हंगामाचे महिने इंग्रजीत द्यावे लागतात. त्र्यंबकेश्वरी नारायण नागबळीसाठी येणारे कुटुंब मात्र बहुधा प्रवासातच, मोबाइलवर, तीन दिवसांच्या विधीचे मुहूर्त आणि गुरुजींचा फोन नंबर शोधत असते.

येवल्याची पैठणी हे यातले सर्वांत बोलके उदाहरण होय. हातमागावरच्या पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूसारखाच दिसतो, आणि यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे धागे आढळतात, हे जाणकार गिऱ्हाईक दुकानात पदर उलटून पाहते. वेबसाइटवर हात लावता येत नाही. त्यामुळे पदराच्या दोन्ही बाजूंची, जवळून आणि दिवसाच्या उजेडात काढलेली छायाचित्रे शेजारी-शेजारी ठेवणे हे कितीही मोठ्या सजावटीपेक्षा अधिक सांगून जाते. असा पुरावा कोणता, हे विणकराला विचारल्याशिवाय रचनाकाराला कळत नाही, म्हणून पहिली बैठक रंगांबद्दल नव्हे, तर ‘गिऱ्हाईक आल्यावर आधी काय विचारते’ याबद्दल असावी. ‘मजकूर नंतर देतो, आधी डिझाइन दाखवा’ असा आग्रह ग्राहक धरतात. तो मान्य केल्यास रिकाम्या चौकटी भरण्यापुरता मजकूर लिहिला जातो आणि काम बिघडते.

मराठी पानांना स्वतंत्र काळजी लागते. रोमन लिपीच्या मापाने ओळींतील अंतर ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडले, तर शिरोरेघ तुटते. पानाची भाषा मराठी असल्याचे त्याच्या एचटीएमएल संकेतात (पान ज्या संगणकीय खुणांनी लिहिलेले असते त्यांत) नोंदविल्यास, तशी सोय असलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाचे उमटतात. युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक संगणकीय प्रमाणाआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने माहितीपत्रक तसेच चिकटवू नये, कारण तो मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून वाचता येत नाही. वाचनीयतेसाठी डब्ल्यूसीएजी हे वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे मार्गदर्शक तत्त्व नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका उजळपणातील फरक मागते, सोनेरी जरीच्या रंगातली अक्षरे पांढऱ्यावर बहुधा या कसोटीत उतरत नाहीत.

काम सोपविताना डोमेन (वेबसाइटचा पत्ता) ग्राहकाच्याच नावावर नोंदलेले असावे, आणि दर, मुहूर्त किंवा हंगामाची माहिती बदलण्याची रीत त्याच्या दुकानातील एका माणसाला समोर बसवून शिकवावी.