वाळवंटी रोपे घरी नेण्यापूर्वी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या नाशिकच्या रोपवाटिकेतून कॅक्टस, ॲडेनियम, घायपात किंवा खजुराचे रोप नेणाऱ्या ग्राहकांनी कुंडी भरण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे. कारण ही रोपे घरी आल्यावर बहुधा तहानेने नव्हे, तर जास्त पाण्याने दगावतात.

बहुतेक झाडे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे उघडून कर्बवायू घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. कॅक्टस आणि घायपात मात्र रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, घेतलेला कर्बवायू मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून, सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करतात. पाण्याच्या या काटकसरीमुळे त्यांची वाढ संथ असते. खताचा मारा करून ती रेटू नये. ॲडेनियम पाणी फुगीर बुंध्यात साठवते. बुंधा अंगठ्याने दाबून टणक लागला तर पाणी देऊ नये. माती ओली असूनही तो मऊ लागला, तर ती कूज समजावी.

द्राक्षबागांत सिलिकॉन हे मूलद्रव्य खतासारखे वापरतात, मग कॅक्टसला का नको, असे अनेक जण विचारतात. गवतवर्गीय झाडांची मुळे मातीतील पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल, म्हणजे सिलिकॉनचे विद्राव्य रूप, शोषतात. पाणी पानांतून उडून गेले की मागे उरलेली सिलिका (सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे संयुग) पेशींत टणक होऊन बसते आणि तेथून पुन्हा हलत नाही. अशा पानातून पाणी कमी उडते, ते ताठ राहते आणि चरणाऱ्या जनावराला चावायला कठीण जाते. उसाच्या पानाच्या कडेने बोट कापते, ती धार याच सिलिकेची. खजुराच्या पानांतही सिलिकेचे सूक्ष्म कण असतात. कॅक्टसची भिस्त मात्र मुख्यतः मेणचट जाड सालीवर आणि पाणी धरून ठेवणाऱ्या मांसल खोडावर असल्याने, त्यासाठी सिलिकॉनवर खर्च करावा असे आम्हांला वाटत नाही. वाळू ही बव्हंशी सिलिकाच असली, तरी ती अतिशय सावकाश विरघळते. कुंडीत ती आम्ही निचऱ्यासाठी घालतो, खत म्हणून नव्हे.

आपल्याकडची नुसती काळी माती या रोपांना चालत नाही, कारण ती पाणी धरून ठेवते. कॅक्टस आणि ॲडेनियमच्या कुंड्या जून ते सप्टेंबर पत्र्याखाली, पण भरपूर उजेडात ठेवाव्यात आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.