पोपच्या भेटीचे नाणे की पदक? दुकानात येण्याआधी एवढे पाहा

१० फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे पुण्यात आले होते. त्या दिवसाची आठवण म्हणून पोपचा चेहरा असलेली एखादी चकती अजून अनेक घरांत जपलेली आहे. ती घेऊन लोक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "हे नाणं कितीला जाईल?"

बहुतेक वेळा ते पदक निघते. भारत सरकारने या भेटीचे नाणे काढलेच नव्हते. १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले, तेव्हाही संत थॉमस यांचे टपाल तिकीट निघाले, नाणे नाही. ओळखायची खूण सोपी आहे: नाण्यावर देशाचे नाव आणि दर्शनी किंमत असते. माउलींच्या १९९९ च्या रुपयावर दोन्ही आहे, ताडून पाहा. पदक चांदीचे असेल तर चांदीचा भाव नक्की मिळेल. अ‍ॅल्युमिनियमचे असेल तर विकू नका, घरीच ठेवा, असे आम्ही स्पष्ट सांगतो.

पोपच्या भेटीचे खरे नाणे हवे असेल तर आमची पहिली पसंती फिलिपिन्सच्या १९७० च्या एक पेसोला. त्या नोव्हेंबरात पोप पॉल सहावे मनिलाला गेले होते. एका बाजूला पोप, दुसऱ्या बाजूला राष्ट्राध्यक्ष मार्कोस. हेच नाणे निकेल, चांदी आणि सोने अशा तिन्ही धातूंत निघाले, आणि घोळ होतो तो इथेच. फोटोत निकेल आणि चांदी सारखीच दिसतात, म्हणून नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नका. निकेल लोहचुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही.

तरी शंका उरली तर पाण्याची परीक्षा. नाण्याचे कोरडे वजन लिहून ठेवा. पाण्याची वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. चांदीचे उत्तर १० च्या पुढे येते, निकेलचे ९ च्या आसपास. सोनाराचा बारीक काटा लागतो. आमच्याकडे आहे, तुमच्यासमोर करून दाखवतो, पैसे घेत नाही.

एक कळकळीची विनंती: चिंच, लिंबू, रांगोळी काहीही लावून नाणे घासू नका. काळवंडलेली चांदी आम्हाला चालते. घासलेल्या नाण्यावरचे ओरखडे मात्र कायमचे, आणि संग्राहक त्याला हात लावत नाहीत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवट चिकट थर धरतो.

नाणे आहे तसेच आणा. सोबतची डबी किंवा कागद सापडला तर तोही घेऊन या.