वारा सुटतो, तंबाखूही सुटते

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी माझी भाची रविवारी जेवायला आली ती चिडूनच. सराव पेपरात वाक्य होतं, ‘द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह.’ पाच वाजता गजर बंद पडला, असं हिचं उत्तर. उत्तरतालिकेत नेमकं उलटं: गजर वाजला. “मामा, ‘लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे लाइट गेले ना? मग गजर कसा वाजला?”

प्रश्न रास्त आहे. १७५५ सालच्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युएल जॉन्सननंच लिहून ठेवलंय, की क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवायची ही रीत परक्यांना सगळ्यात जड जाते. आज आपण तिला ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतो.

पण मराठी माणसानं तिला घाबरावं, हे मला पटत नाही. ‘पत्र लिहून टाक’ म्हणताना आपण पत्र कुठेही टाकत नसतो. लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे, आणि ‘हे काय लिहून बसलास!’ लिहिणं तेच, पण शेवटचं क्रियापद स्वतःचा अर्थ खुंटीला अडकवून भलतंच काम करतं. ‘टाक’ म्हणजे एकदाचं संपव. ‘बसलास’मध्ये तर चक्क पश्चात्ताप आहे. इंग्रजी असलीच कामं ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’कडून करून घेते. ‘ईट’ म्हणजे खाणं, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणं. ‘टेअर अप’, फाडून टाकणं. ‘अप’चा आणि वर जाण्याचा तिथे काही संबंध उरत नाही.

संस्कृतात हे काम उपसर्ग करतात. ‘हृ’ धातू एकच. त्यातून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडे नेतो, असा जुना श्लोकच आहे. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग क्रियापदापासून सुटा राहू शकत असे, मध्ये दुसरे शब्द येत, आणि पाणिनीनं त्यासाठी सूत्र दिलंय. ‘टर्न द टीव्ही ऑफ’ याहून फार वेगळं नाही. (येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून चाललेला संस्कृतचा महाकोश अजून ‘अ’मध्येच आहे. अति, अधि, अनु, अप, अभि, अव हे सगळे उपसर्ग त्याच ‘अ’त बसलेत, हे लक्षात घेतलं तर धीर धरवतो.)

मग आपली अडचण कुठे होते? आपण इंग्रजी पुस्तकातून शिकलो. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबारात फ्रेंच आली, पुढे लॅटिनचेही शब्द शिरले. एकाच कामाला दोन क्रियापदं झाली: घरातलं ‘पुट ऑफ’ आणि कागदावरचं ‘पोस्टपोन’. आपल्याकडे ‘पुढे ढकलणं’ आणि ‘स्थगित करणं’ यांत जो फरक, तोच. आपण कागदावरचं तेवढं उचललं, त्यामुळे हिंजवडीतला मुलगा परदेशी क्लायंटशी सरकारी परिपत्रकासारखं बोलतो. वर आपण ‘प्रीपोन’ही घडवला, ‘ब्रिंग फॉरवर्ड’ तयारच होतं. मला ‘प्रीपोन’ आवडतो, ती गोष्ट वेगळी.

अप्पा बळवंत चौकात फ्रेजल व्हर्बच्या लांबलचक याद्यांची पुस्तकं मिळतात. ती पाठ करण्याआधी एक आकडा पाहा. गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश इंग्रजीचा दहा कोटी शब्दांचा साठा चाळला. सुमारे दर दीडशे शब्दांमागे एक फ्रेजल व्हर्ब निघालं, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त फक्त वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांतून आलेली होती. ते आठ म्हणजे आउट, अप, ऑन, बॅक, डाउन, इन, ऑफ, ओव्हर. एवढ्यांच्या मागे लागावं. आणि जोडी आख्खी ऐकावी, कारण इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा मेंदूही तसंच करताना दिसतो. मेंदूतले चुंबकीय बदल टिपणाऱ्या २०१० च्या एका प्रयोगात रूढ जोडी कानावर पडली की अनोळखी जोडीपेक्षा जोरदार प्रतिसाद उमटला, जणू तो एकच शब्द असावा.

वापरताना एक सांभाळायचं. ‘इट’, ‘देम’ अशी सर्वनामं मध्ये येतात: ‘टर्न इट ऑफ’, ‘टर्न ऑफ इट’ नाही. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही. तिथे ‘लुक आफ्टर इट’च.

गजराचं राहिलंच. ‘ऑफ’च्या मुळाशी जागेवरून सुटणं आहे, असं धरून पाहा. दिवा चालू स्थितीतून सुटतो, म्हणजे विझतो. गजर चावी देऊन अडवून ठेवलेला असतो. तो सुटतो, म्हणजे वाजतो. बंदूकही अशीच ‘गोज ऑफ’. इंग्लंडात दूधसुद्धा ‘गोज ऑफ’, म्हणजे नासतं.

भाचीला हे ओढूनताणून वाटलं. मग तिला म्हटलं, “अगं, वारा सुटला म्हणजे सुरू झाला की थांबला?”

“सुरू झाला.”

“आणि आजोबांची तंबाखू सुटली म्हणजे?”

ती हसली. वरणभात कालवता कालवता थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि मामा, माझी डेक्कन क्वीन सुटली, तर ती निघाली की मला चुकली?”