सरकारवरचा विश्वास घटला, म्हणजे नेमकं काय घटलं?

‘सरकारवरचा विश्वास तीन टक्क्यांनी घसरला’ अशी बातमी दिसली की आधी लोकांना प्रश्न काय विचारला होता ते शोधावं. अमेरिकेत १९५८ पासून जवळपास त्याच शब्दांत विचारलं जातं: वॉशिंग्टनमधलं सरकार योग्य तेच करील असा भरवसा तुम्हाला कितपत वाटतो? जवळजवळ नेहमी, बहुतेक वेळा, की कधीकधीच? पहिल्या दोन उत्तरांची बेरीज म्हणजे ‘विश्वास’. १९६४ मध्ये ती ७७ टक्के होती, १९७४ मध्ये ३६. मधल्या दहा वर्षांत व्हिएतनामचं युद्ध झालं आणि अध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यायला लावणारं वॉटरगेट प्रकरण झालं.

आता ‘सरकार’ म्हणजे कोण? अध्यक्ष, मंत्री, की टेबलामागचा कर्मचारी? ते उत्तर देणाराच मनाशी ठरवतो. १९७४ मध्ये आर्थर मिलर आणि जॅक सिट्रिन या राज्यशास्त्रज्ञांचा वाद याच मुद्द्यावर झाला. मिलर यांना आकड्यात व्यवस्थेबद्दलचा असंतोष दिसत होता, तर सिट्रिन यांच्या मते त्यात खुर्चीवर बसलेल्या माणसांवरचा राग बराच मिसळलेला होता. हा फरक फार मोलाचा आहे. माणसावरचा राग निवडणुकीत मोकळा होतो; पदावरचाच विश्वास उडाला तर नव्या माणसालाही तो आयता मिळत नाही.

दोन्ही वेगळे करायची एक सोपी युक्ती आहे. सत्ताधारी पक्षाचे समर्थक आणि विरोधक यांचे आकडे वेगवेगळे पाहायचे. सत्ता बदलली की या गटांची उत्तरं बहुधा अदलाबदल होतात. एकूण बेरीज जागच्या जागी राहिली तरी आत उलथापालथ झालेली असते. पण दोन्ही गटांत वर्षानुवर्षं घट होत असेल तर दुखणं खोल आहे.

आकडेमोडीतही ठेच लागते. हजार जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारख्या) नमुन्यात सुमारे ३ टक्क्यांची कसर धरावीच लागते, म्हणजे खरा आकडा तेवढा वर किंवा खाली असू शकतो. दोन सर्वेक्षणांतला फरक काढताना ती सव्वाचार-साडेचारपर्यंत जाते, म्हणून ४५ वरून ४२ ही घसरण एकटी काहीच सिद्ध करत नाही. कसर निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो.

मोजपट्टीही बघावी. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत ० ते १० गुण होते. ६ किंवा जास्त गुण देणारे विश्वास असलेले, ४ किंवा कमी देणारे नसलेले. राष्ट्रीय सरकारबद्दल सरासरी ३९ टक्के लोक पहिल्या गटात, ४४ टक्के दुसऱ्या गटात. ३९ शंभरातून वजा करून ‘६१ टक्क्यांचा विश्वास नाही’ म्हणणं चूक आहे, कारण नेमके ५ देणारे आणि ‘माहीत नाही’ म्हणणारे उरतातच.

सगळ्यात अवघड भाग शेवटी. जो सरकारी यंत्रणेवर पार चिडलेला आहे तो बऱ्याचदा सर्वेक्षणवाल्यालाही दारातूनच परत पाठवतो. वय, लिंग, शिक्षण यांची प्रमाणं वेटेज देऊन जुळवता येतात: लोकसंख्येत तरुण २० टक्के आणि नमुन्यात १० असतील तर प्रत्येक तरुणाचं उत्तर दोनदा धरायचं आणि बाकीच्यांचं एकापेक्षा थोडं कमी. पण उत्तर दिलेला तरुण आणि दार लावून घेतलेला तरुण यांची मतं सारखी नसतील, तर वेटेजनं काही साधत नाही. अशा वेळी छापून आलेला आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच आशादायक असतो.