चाल कुणाची, साज कुणाचा?

नवं गाणं आलं की पहिल्या तासाभरात येणारी मतं साधारण ठरलेली असतात. "म्युझिक कडक आहे." "बीट लय भारी." "संगीतकारानं जीव ओतलाय." आणि आठवड्याभरानं, "ही चाल तर सरळ ढापलीये." बोलणाऱ्याला काहीतरी खरंच ऐकू आलेलं असतं. ते चालीत होतं की संयोजनात, एवढं मात्र सहसा कुणी तपासत नाही. त्यामुळे संयोजकाचं कौतुक संगीतकाराच्या नावावर जमा होतं आणि संयोजनातलं साम्य चालीची चोरी ठरतं.

चाल म्हणजे शब्द ज्या सुरांवर आणि ज्या मात्रांवर बसवलेत ती एक रेघ. एका वेळी एकच सूर, एकटा माणूस अंघोळ करताना गाऊ शकेल तेवढं. संयोजन, ज्याला स्टुडिओत अरेंजमेंट म्हणतात, ते त्या रेघेभोवतीचं सगळं: मुखड्याआधीचा पीस, मुखडा आणि अंतरा यांच्या मधलं संगीत, गाण्याखालून चालणारे कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार सूर), बेस, ठेक्याची वाद्यं, दोन ओळींच्या फटीत हळूच शिरणारी बासरी.

मराठी कानाला चाल ही कल्पना नवी नाही. संगीत नाटकांच्या जुन्या छापील प्रती उघडल्या की पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी पदाचे सुरुवातीचे शब्द दिलेले दिसतात. म्हणजे हे पद त्या सुरांवर म्हणा. साथीला काय असेल ते असो. भजनी मंडळं सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर अभंग म्हणतात तेव्हाही तेच होतं. स्टुडिओतली व्हायोलिनं, गिटार, सिंथेसायझर मागे राहतात, टाळ, पखवाज आणि पेटी पुढे येतात, आणि तरी मागच्या रांगेतलं पोरगंसुद्धा ओळखतं की हे 'त्या' गाण्याचं आहे. ओळख पटली ती चालीमुळे.

आता याच्या बरोबर उलट काय, तर कराओके ट्रॅक. गायकाचा आवाज काढून टाकल्यावर जे उरतं ते जवळजवळ शुद्ध संयोजन. (काही ट्रॅकवर गाणाऱ्याला आधार म्हणून चाल बासरीवर किंवा पियानोवर ठेवलेली असते, तसले ट्रॅक या कामाला निरुपयोगी.) आवडत्या गाण्याचा कराओके शब्द मनातही न आणता एकदा ऐकावा. त्यानंही अंगावर काटा आला, तर त्या गाण्यातली तुमची आवड बहुतांशी संयोजनाची होती. कंटाळा आला, पण तेच गाणं कुणी नुसत्या पेटीवर वाजवल्यावर थांबून ऐकावंसं वाटलं, तर चालीची. आवाज वेगळा काढणारी अॅप वापरली तर गायकाच्या आवाजाचा थोडा घुमारा मागे राहतोच, तेवढा सोडून द्यायचा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कॉर्डमुळे. 'चाल काय दर्दभरी आहे' असं आपण म्हणतो, आणि पुष्कळदा दर्द चालीत नसतोच. पेटीवर किंवा मोबाइलमधल्या पियानोवर करून बघण्यासारखं आहे. पांढरी एकला, म्हणजे सी या सुराला, सा धरा आणि उजव्या हातानं फक्त शुद्ध ग दाबून ठेवा. डाव्या हातानं आधी सा-ग-प वाजवा, म्हणजे सी मेजर. ग शांत, घरी पोचल्यासारखा वाटेल. ग तसाच ठेवून खाली ध-सा-ग वाजवा, म्हणजे ए मायनर. तोच ग आता उदास झाला. मग म-ध-सा, म्हणजे एफ मेजर. आता ग खालच्या 'म' या सुराला घासतो आणि काहीतरी अर्धवट राहिल्याची हुरहूर लागते. चालीतला सूर तिन्ही वेळा एकच होता. संगीतकारानं ग दिला, हुरहूर संयोजकानं दिली. सिनेमात एकच गाणं आधी आनंदी आणि पुढे दुःखी होऊन येतं, तेव्हा बहुतेक वेळा हेच केलेलं असतं: लय कमी, ठेका काढून टाकलेला, कॉर्ड बदललेले, आणि चाल जवळपास जशीच्या तशी.

वेळेचा हिशोब केला तरी संयोजनाचा वाटा लक्षात येतो. मिनिटाला ९६ ठोक्यांचं गाणं घ्या. चार ठोक्यांचा एक बार अडीच सेकंदांचा, आठ बार वीस सेकंदांचे. सुरुवातीला आठ बार, पहिल्या अंतऱ्याआधी आठ, दुसऱ्याआधी आठ, म्हणजे पूर्ण एक मिनिट गायक गप्प असतो आणि चाल वाजतच नाही. साडेचार मिनिटांच्या गाण्यात एक मिनिट! या मधल्या तुकड्यांना वादक एम-वन, एम-टू म्हणतात. रीलसाठी पंधरा सेकंद कापायचे झाले तर पुष्कळदा हेच तुकडे कापले जातात, आणि मग लाखो लोक 'ते गाणं' म्हणून जे गुणगुणतात त्यात चालीचा एकही सूर नसतो.

इथे एक भानगड आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. एम-वनमधली धून संगीतकारानं सुचवलेली असू शकते, संयोजकानं लिहिलेली असू शकते, किंवा रेकॉर्डिंगच्या दिवशी एखाद्या वादकानं वाजवून दाखवली आणि सगळ्यांना आवडली अशीही असू शकते. नुसतं ऐकून हे ठरवता येत नाही. म्हणून 'हा पीस अमक्याचाच' असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून जरा जपून राहावं.

या विभागणीमागे मुंबईच्या स्टुडिओंचा इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग गोव्यातून आलेला आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मोठी होऊन मुंबईत आली तेव्हा इथल्या संगीतकारांपैकी अनेक जण पेटीवर, सरगममध्ये विचार करणारे होते. वीस-तीस व्हायोलिनांना एकाच वेळी वेगवेगळं काय वाजवायचं ते कागदावर उतरवून देणारा माणूस त्यांना हवा होता. तो म्हणजे संयोजक. सेबॅस्टियन डिसूझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस संयोजक होते आणि व्हायोलिनचे शिक्षकही. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं अमिताभचं 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे प्रसिद्ध गाणं ऐकून हे नाव काल्पनिक आहे असं अजूनही अनेकांना वाटतं. ते प्यारेलालांच्या गुरूंचं नाव आहे. मराठीकडे पाहिलं तर अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे दोघं नामवंत संयोजक, आणि 'अनिल-अरुण' या नावानं स्वतः संगीतकारही. एकच माणूस दोन्ही कामं करू शकतो, म्हणून कामं एक होत नाहीत.

जुन्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत मात्र संयोजकाचं नाव आलंच तर सहसा 'संगीत सहाय्यक' या मोघम ओळीत, दोन सेकंदांसाठी. चुकीच्या श्रेयाची सवय तिथूनच लागली म्हणायची.

कायदाही चालीच्याच बाजूला झुकलेला आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीचं संयोजन हे 'रूपांतर' या सदरात मोडतं, आणि रूपांतर करण्याचा हक्क मूळ संगीतकृतीचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. संयोजकासाठी तसं वेगळं कलम नाही. त्याला काय मिळेल ते करारात लिहिलेलं असेल तेवढंच.

आता 'ढापलीये' या आरोपाकडे. चाल सारखी आहे असं म्हणायला तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: सुरांचा क्रम, प्रत्येक सूर किती मात्रा थांबतो, आणि तो तालाच्या कुठल्या मात्रेवर पडतो. एवढं जुळलं आणि तेही निदान एक अख्खी ओळभर, तर बोलायला जागा आहे. त्यासाठी दोन्ही मुखडे वाद्यांशिवाय, एकाच पट्टीत (म्हणजे सा एकाच सुरावर धरून), स्वतःच्या तोंडानं गाऊन पाहावेत. बहुतेक आरोप या पायरीलाच गळून पडतात, कारण सारखं वाटलेलं काहीतरी भलतंच असतं. कधी कॉर्डची रांग सारखी असते. सी, जी, ए मायनर, एफ ही रांग जगभरच्या पॉप गाण्यांत इतक्यांदा आली आहे की तिच्यावर कुणी मालकी सांगू नये. कधी राग सारखा असतो. भूपात सूरच पाच, सा रे ग प ध, तेव्हा दोन भूपातली गाणी एकमेकांची आठवण करून देणारच. आणि हल्ली पुष्कळदा ठेक्याचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, सारखा असतो, कारण तयार लूप विकत मिळतात आणि दोन वेगळ्या माणसांनी तोच रीतसर घेतलेला असतो.

एका गाण्याचे शब्द दुसऱ्याच्या सुरांवर बसले हा तर पुरावाच नव्हे. एकाच छंदातले अभंग एकमेकांच्या चालीवर सहज म्हणता येतात.

रिक्रिएशन नावाच्या प्रकारात बहुधा जुन्या मुखड्याची चाल ठेवतात, अंतरा नवा घालतात आणि संयोजन सगळं नवं करतात. म्हणून तिथे 'मूळ संगीत' आणि 'पुनर्निर्मिती' अशी दोन नावं दिसतात. रिमिक्समध्ये मूळ गायकाचा आवाज आणि चाल सहसा जागच्या जागी असते, भोवतालचं बदलतं. जुन्याचे चाहते 'गाण्याची वाट लावली' म्हणतात तेव्हा चाल बहुतेक शाबूत असते, वाट लागलेली असते ती संयोजनाची. ही तक्रार खरी असू शकते, पण नेमकी केली तर तिला वजन येतं.

रॅपमध्ये हा सगळा हिशोब डळमळतो. तिथे आधी बीट तयार होतो आणि त्यावर शब्द चढतात. सुरांची रेघ जवळजवळ सपाट, खेळ सगळा मात्रांचा. सिनेमाच्या गाण्यांतही आता कित्येकदा आधी लूप बनतो, त्यावर कुणीतरी अर्थहीन शब्दांत डमी गुणगुणतो आणि त्यातून चाल निघते. अशा वेळी म्युझिक प्रोड्युसरला नुसता संयोजक म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

कॉलेजच्या गॅदरिंगला किंवा घरच्या कॅमेऱ्यासमोर कव्हर करणाऱ्यांना, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः गाणाऱ्यांना, हा फरक सगळ्यात आधी नडतो, पट्टीत. चाल कुठल्याही पट्टीत तगते. संयोजन तगत नाही. काळी एकमधलं पुरुषाचं गाणं मुलीला गायचंय म्हणून पांढरी चारला नेलं की ते चार अर्धस्वर वर गेलं. कराओके ट्रॅक अॅपमधून दोन अर्धस्वर सरकवला तर चालून जातो. चारला व्हायोलिनं खेळण्यातल्यासारखी चिरकतात आणि ढोलकचा घुमारा पत्र्याचा होतो. त्यापेक्षा ट्रॅक सोडून एका गिटारवर नव्या पट्टीत वाजवलेलं बरं. लय बदलायची तर पाच-सहा टक्क्यांपर्यंत ठीक, पुढे ट्रॅक फाटल्यासारखा वाजतो.

एकट्या गिटारवर वीस व्हायोलिनांचा एम-वन उतरवण्याचा हट्टही धरू नये. त्यातले ओळखीचे चार बार घ्यावेत आणि सरळ अंतऱ्यावर जावं.

दुसरी चूक उठावाची, म्हणजे मुखडा कुठल्या मात्रेवरून उचलायचा त्याची. केरव्याच्या आठ मात्रा. अनेक मुखडे समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, सुरू न होता सातव्या मात्रेपासून उचललेले असतात, म्हणजे दोन मात्रांचे शब्द होऊन गेल्यावर सम येते. गिटारवाला पहिल्या शब्दालाच 'एक' मोजतो आणि त्याचं अख्खं आवर्तन दोन मात्रांनी सरकतं. गायकाला काहीतरी टोचत राहतं, तबलेवाला वैतागतो, आणि कुणालाच दोष सापडत नाही, कारण सूर सगळे बरोबर असतात. उपाय साधा आहे: मूळ गाण्यात तबल्याचा किंवा बेसचा सगळ्यात जोराचा ठोका मुखड्याच्या कुठल्या अक्षरावर पडतो ते शोधायचं, वहीत त्या अक्षराखाली फुली मारायची आणि 'एक' तिथून मोजायचा. फुलीच्या आधीची अक्षरं वाद्यांशिवाय एकट्या गायकानं उचलायची. गिटार फुलीवर येते.