पोटगी

विभक्त किंवा घटस्फोटित जोडीदाराला आणि मुलांना जगण्यासाठी द्यावी लागणारी, कायद्याने बंधनकारक केलेली रक्कम म्हणजे पोटगी. शब्दातच पोट आहे, आणि भारतातला हा कायदा सुरुवातीला खरोखर पोटापुरताच होता. जुन्या मराठी व्यवहारात यासाठी 'अन्नवस्त्र' म्हणत. बाईच्या निर्वाहासाठी तोडून दिलेला जमिनीचा तुकडा 'चोळीबांगडीचा' असे. कोर्टाच्या मराठीत 'खावटी' हा शब्द अजूनही कानावर पडतो. घटस्फोट झाल्यावरच पोटगी मिळते, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. लग्न कायम असताना, नुसते वेगळे राहणाऱ्या पत्नीलाही ती मागता येते.

गंमत अशी की नवराबायकोमधला हा दिवाणी वाटणारा प्रश्न फौजदारी संहितेत येऊन बसला आहे. निराधार बायका-मुले रस्त्यावर येऊन भटकंतीला लागू नयेत, हा इंग्रजी अमदानीतला हेतू होता. १८९८ च्या संहितेतले कलम ४८८ पुढे १९७३ च्या संहितेत कलम १२५ झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले. आकडा बदलला तरी वकिलांच्या आणि पक्षकारांच्या तोंडी अजून 'एकशेपंचवीस टाकली' हेच आहे. हे कलम कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला लागू होते. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी (पुनर्विवाह न केलेली घटस्फोटितासुद्धा), अज्ञान मुले, अपंगत्वामुळे कमावू न शकणारी सज्ञान मुले आणि आईवडील यांना त्याखाली अर्ज करता येतो. आईवडिलांची जबाबदारी मुलग्यांपुरती नाही. कल्याणमधल्या एका डॉक्टर विवाहितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती मुलीवरही टाकली.

या कलमाखाली महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये, ही मर्यादा २००१ पर्यंत होती. महागाई कुठे गेली तरी कायदा पाचशेवर अडून बसलेला. २००१ च्या दुरुस्तीने मर्यादा काढली, अंतरिम पोटगीची तरतूद आणली आणि त्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत लावावा असे म्हटले. त्यातल्या 'शक्यतो'चा अर्थ कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्यांना सांगावा लागत नाही.

याच कलमाने देशाचे राजकारण ढवळले. इंदूरच्या घटस्फोटित मुस्लिम महिला शाहबानो यांना दंडाधिकाऱ्याने महिना २५ रुपये दिले होते, उच्च न्यायालयाने ते १७९ रुपये २० पैसे केले. पतीचे अपील १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. त्यावर उठलेल्या वादळात १९८६ चा मुस्लिम महिलांविषयीचा कायदा आला. २००१ मध्ये न्यायालयाने त्याचा अर्थ लावला तो असा, की इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतर पुनर्विवाहाआधी थांबायच्या, काळातच पतीने पुढच्या आयुष्याचीही रास्त तजवीज केली पाहिजे. २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम १२५ ची वाटही खुली आहे, हे स्पष्ट झाले.

हिंदूंसाठी याशिवाय दोन कायदे आहेत. १९५५ च्या विवाह कायद्यातले कलम २४ दावा चालू असतानाच्या खर्चासाठी, तर कलम २५ कायमच्या पोटगीसाठी आहे. ही दोन्ही कलमे पती आणि पत्नी असा भेद करत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये एका शिक्षिकेने घटस्फोटित पतीला अंतरिम पोटगी द्यावी हा आदेश कायम ठेवला, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो नवलाईचा म्हणून छापला; प्रत्यक्षात तरतूद ६७ वर्षे जुनी होती. दुसरा, १९५६ चा दत्तक व निर्वाह कायदा, अविवाहित मुलीला सज्ञान झाल्यावरही वडिलांकडून निर्वाह मागू देतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ही आणखी एक वाट. अनेक जणी दोन-तीन ठिकाणी एकदम अर्ज करतात; एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे जमेस धरली जाते.

रक्कम किती, याचे कोष्टक नाही. पगाराच्या २५ टक्के हा लोकांच्या तोंडी असलेला आकडा एका-दोन निकालांतून आला आहे, तो नियम नाही. उत्पन्न, देणी, लग्नातले राहणीमान, पत्नीचे शिक्षण आणि कमाई, मुलांचा खर्च हे सारे पाहिले जाते. खरी लढाई उत्पन्न दाखवण्याची असते. दुकान अचानक भावाच्या नावावर जाते, तारखेच्या आधी नोकरी सुटते. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी दोन्ही पक्षांना मालमत्ता-देण्यांचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले, आणि पोटगी निकालाच्या नव्हे तर अर्जाच्या तारखेपासून द्यायची असे ठरवले. खटला लांबवण्यातला फायदा त्यामुळे बराच आटला.

पत्नी व्यभिचारात राहत असेल, सबळ कारणाशिवाय नांदायला नकार देत असेल किंवा दोघे संमतीने वेगळे राहत असतील, तर कलम १४४ खाली तिला पोटगी नाही. मात्र पतीने नांदायला येण्याचा हुकूमनामा मिळवला, एवढ्यावर हक्क जात नाही, असे न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले. पहिले लग्न लपवून केलेल्या दुसऱ्या लग्नातल्या स्त्रीला कलम १२५ पुरते पत्नी मानावे, हा २०१३ चा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातला.

मुलांचा हक्क आईच्या हक्काहून वेगळा आहे. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलालाही तो आहे. सहमतीच्या घटस्फोटात 'मुलासाठी काही मागणार नाही' असे आईने लिहून दिले, तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही. आई कमावती असेल तर खर्चाचा वाटा तिच्याकडेही येतो.

एकरकमी पोटगी की दरमहा, हा सहमतीच्या वेळी होणारा मोठा हिशेब. त्यात कराची बाजू असते: मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानुसार दरमहाची पोटगी उत्पन्न ठरते, एकरकमी रक्कम भांडवली मानली जाते.

आदेश हाती आला म्हणजे पैसे आले असे नाही. थकबाकीसाठी वेगळा वसुली अर्ज करावा लागतो, आणि रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत तो केला नाही तर या कलमाखालचे वॉरंट मिळत नाही. पगारदाराचा पगार जप्त करता येतो. रोखीत कमावणाऱ्याचा पत्ता शोधण्यातच समन्स परत येतात. शेवटी कैदेची तरतूद आहे, महिनाभरापर्यंतची. तुरुंगात बसून आलो म्हणजे देणे फिटले, असे समजणारे नवरे बरेच. सर्वोच्च न्यायालयाच्या मते कैद हे वसुलीचे साधन आहे, फेड नव्हे, आणि सुटून आल्यावरही थकबाकी तेवढीच उभी असते.