रात्री दीडची जादा लोकल आणि उत्सवांचं वेळापत्रक

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की मुंबईत एक बातमी ठरलेली असते. ३१ तारखेच्या रात्री पश्चिम रेल्वे आठ आणि मध्य रेल्वे चार जादा लोकल सोडणार. चर्चगेटहून सव्वाएक, दोन, अडीच आणि शेवटची तीन पंचवीसला, तिकडे सीएसएमटीहून कल्याण आणि पनवेलसाठी दीडची. अनंत चतुर्दशीला असंच पत्रक निघतं, चैत्यभूमीवर येणाऱ्यांसाठी ६ डिसेंबरच्या आदल्या रात्रीही निघतं. १४ ऑगस्टच्या रात्रीसाठी मात्र अशी प्रथा पडलेली नाही. उलट १५ ऑगस्टला लोकल बऱ्याचदा रविवारच्या वेळापत्रकाने, म्हणजे नेहमीपेक्षा कमी धावतात. देशाचा सर्वांत मोठा दिवस, आणि गाड्या कमी. हे विचित्र वाटतं खरं, पण त्यामागे बराच इतिहास आहे.

आधी तांत्रिक भाग उरकून घेऊ. मुंबईची शेवटची लोकल साधारण एकच्या सुमारास सुटते आणि पहिली चारनंतर. म्हणजे रुळांना श्वास घ्यायला मिळतात जेमतेम अडीच-तीन तास. त्यातले यार्डात गाड्या लावण्याचे वजा करा. उरलेल्या वेळात ओव्हरहेड वायरमधला २५,००० व्होल्टचा प्रवाह बंद करायचा, दोन्ही बाजूंनी अर्थिंग लावायचं, म्हणजे वायर जमिनीशी जोडायची, वायरपर्यंत पोचवणारी टॉवर वॅगन आणायची, झिजलेली वायर बघायची, रूळ तपासायचे, पॉइंट्सना, म्हणजे रूळ बदलणाऱ्या सांध्यांना, तेलपाणी करायचं, आणि पहिल्या लोकलच्या आत सगळं आवरून माणसं बाजूला काढायची. जादा गाडी या वेळेतच घुसवावी लागते. शिवाय मोटरमन आणि ट्रेन मॅनेजरच्या, म्हणजे गार्डच्या, ड्युटीचे तास, स्टेशनवरचे पोलीस, तिकीट खिडकीवरचा माणूस, सगळ्यांचीच जुळवाजुळव. म्हणून वर्षातल्या तीन-चार रात्रींसाठी रेल्वे तयार होते, दहा-बारा रात्रींसाठी होत नाही. न्यूयॉर्कची सबवे १९०४ पासून रात्रभर चालते, कारण तिथल्या मुख्य मार्गांवर चार-चार रूळ आहेत, दोन बंद ठेवून दोनवर गाड्या नेता येतात. लंडनला आठवड्यातल्या दोन रात्री काही मार्गांवर भुयारी गाडी चालवायला २०१६ साल उजाडावं लागलं.

गर्दीसाठी खास गाडी सोडण्याची कल्पना मात्र आपल्याकडे रेल्वेइतकीच जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तीच मुळात समारंभ म्हणून. १४ डबे, ४०० च्या आसपास निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, २१ तोफांची सलामी, शहराला सुट्टी. लोक गाडीत बसायला नव्हे, गाडी बघायला जमले होते. त्यांना गाडीत बसवलं ते पुढे जत्रांनी. रेल्वे कंपन्यांना लवकरच कळलं की हिंदुस्थानातला माणूस एरवी प्रवास टाळेल, पण आषाढीला पंढरपूरला आणि कुंभाला प्रयागला जाईलच. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूरपर्यंत गेली, तिच्या हिशेबात वारकरी हा मोठा आकडा होता. जत्रा स्पेशल ही धर्मादाय सोय कधीच नव्हती, तो सरळ धंदा होता. आजच्या विसर्जन स्पेशलच्या मागे तीच सवय आहे: गर्दी दरवर्षी येणार हे नक्की, तेव्हा गाडी सोडलेली बरी.

राजकीय उत्सवाचं गणित वेगळं. तिथे गर्दी जमेल की नाही हे सरकारला ठाऊक नसतं, आणि जमवू पाहिली तर काय होतं ते मुंबईने पाहिलं आहे. बोरीबंदरच्या नव्या इमारतीला १८८७ मध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या मुहूर्तावर व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळालं. १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज अपोलो बंदरावर उतरले, तेव्हाही शहर सजलं. पण दहा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९२१ ला प्रिन्स ऑफ वेल्स त्याच बंदरावर उतरला तेव्हा कमानी होत्या, बँड होता, आणि निम्मं शहर पाठ फिरवून परळला परदेशी कपड्यांच्या होळीला गेलं होतं. स्वागताहून परतणाऱ्यांवर हल्ले झाले, ट्रामवर दगडफेक झाली, दंगल काही दिवस धुमसत राहिली आणि पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजींनी उपोषण केलं ते याच दंगलीमुळे. उत्साह हुकमाने येत नाही हे तर दिसलंच, पण रस्त्यावर आलेली माणसं घरी सुखरूप पोचवणं हा वेगळाच प्रश्न आहे, हेही त्याच आठवड्यात दिसलं.

पुढचा राष्ट्रीय दिवस लोकांनीच ठरवला. २६ जानेवारी १९३० ला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा वाचली गेली. सरकारी सोय कसली, सरकारी डोळा मात्र होता. माणसं आपापल्या गावात, आपापल्या चौकात जमली. कुठे लांब जायचं नव्हतं, त्यामुळे गाडीचा प्रश्नच आला नाही. मला वाटतं आपल्या राष्ट्रीय दिवसांचा साचा तिथेच पडला. शाळेचं मैदान, सोसायटीचा गच्चीवरचा झेंडा, ग्रामपंचायतीचं आवार. ध्वजवंदन हे चालत जाण्याच्या अंतरावर असतं.

अपवाद १९४७ चा. स्वातंत्र्यच मुळी मध्यरात्री आलं. १५ ऑगस्टचा दिवस ज्योतिषांना पसंत नव्हता, म्हणून १४ च्या रात्री अकराला घटना समितीची बैठक सुरू झाली आणि बाराच्या ठोक्याला कारभार बदलला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिल्लीत इंडिया गेटजवळ प्रिन्सेस पार्कमध्ये झेंडा फडकवायचा होता. तिथे लोक असे लोटले की माउंटबॅटन यांना बग्गीतून खाली उतरता येईना, योजलेला कार्यक्रम बाजूला ठेवून झेंडा कसाबसा वर चढवला गेला. लाल किल्ल्यावर नेहरूंनी तिरंगा फडकवला तो १६ तारखेला. पण त्याच दिवसांत ‘स्पेशल ट्रेन’ या शब्दांचा पंजाबात अर्थ फार वेगळा होता. कराचीला निघालेल्या सरकारी कर्मचाऱ्यांची एक स्पेशल ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात स्फोटाने रुळावरून उडवली गेली, आणि नंतरच्या आठवड्यांत निर्वासितांच्या गाड्या प्रेतं घेऊन स्टेशनात शिरल्या. दिल्ली-मुंबईतल्या रोषणाईबद्दल लिहिताना हे वगळता येत नाही.

प्रजासत्ताक दिनाचं संचलन सुरुवातीला एका जागी ठरलेलंही नव्हतं. १९५० ला आयर्विन स्टेडियम, मग किंग्जवे, लाल किल्ला, रामलीला मैदान असं फिरत फिरत ते १९५५ पासून राजपथावर, म्हणजे आजच्या कर्तव्य पथावर, स्थिरावलं. कार्यक्रम सकाळचा, सुरक्षा तपासणी त्याहून आधी, त्यामुळे दिल्लीत जादा गाडी लागते ती रात्री नव्हे, पहाटे. दिल्ली मेट्रोने २०२५ च्या २६ जानेवारीला पहिल्या गाड्या पहाटे ३ वाजता सोडल्या, १५ ऑगस्टला ४ वाजता. सहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाने. निमंत्रणपत्रिका दाखवली की प्रवास फुकट. जानेवारीतल्या दिल्लीत तीन वाजता घराबाहेर पडणाऱ्याला हौशी म्हणायचं की काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुंबईत १४ ऑगस्ट आणि २५ जानेवारीच्या रात्री सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची इमारत तिरंगी दिव्यांत न्हाऊन निघते. लोक पोराबाळांना घेऊन फोटो काढायला येतात, पण नऊ-दहापर्यंत परततात, कारण सकाळी झेंड्याला जायचं असतं. रात्रभर जागणारी राष्ट्रीय गर्दी या शहराने पाहिली ती क्रिकेटमुळे. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक जिंकला तेव्हा शनिवार होता, सामना संपायला पावणेअकरा वाजले, आणि मरीन ड्राइव्ह पहाटेपर्यंत भरलेला होता. टी-२० विश्वचषक जिंकलेल्या संघाची ४ जुलै २०२४ ची मिरवणूक तर संध्याकाळचीच, तरी गर्दी आवरेना, काही जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. वर्षभराने, ४ जून २०२५ ला, बंगळूरमध्ये एका क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेले. मेट्रो त्या दिवशी तुडुंब होती, जवळची काही स्टेशनं गाडी न थांबवता पुढे काढावी लागली.

म्हणून वाहतुकीची माणसं जादा गाडीकडे बक्षीस म्हणून बघत नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर वीसहून जास्त माणसं गेली, तीही कुठल्या उत्सवात नव्हे, दसऱ्याच्या आदल्या दिवशीच्या साध्या सकाळच्या गर्दीत. शेवटची लोकल एकची आहे असं कळलं की साडेबाराला सगळे एकदम स्टेशनकडे धावतात. सव्वाएक, दोन, अडीच आणि तीन पंचवीस अशा गाड्या जाहीर झाल्या की तीच गर्दी चार घासांत विभागली जाते. तिकिटांतून आलेला पैसा या हिशेबात किरकोळ असतो. त्या रात्रीचं देखभालीचं काम पुढच्या रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये ढकललं जातं, आणि त्या ब्लॉकला शिव्या घालणाऱ्यांत दोनच्या विरार स्लोने गेलेलेही असतात.